मुंबईची क्षितिजरेषा न्यूयॉर्कसारखी का दिसत नाही?

कोल्हापुरात आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं विचारलंय: "मुंबई आणि न्यूयॉर्क, दोन्ही बंदरं, दोन्ही पैशाची शहरं, दोन्हींचा मूळ भाग बेटावर. मग मॅनहॅटनचे टॉवर एकत्र जमून डोंगररांगेसारखे दिसतात आणि मुंबईचे मात्र वाटेल तिथे उगवल्यासारखे का? आणि इतके टॉवर झाल्यावर तरी मुंबईतली गर्दी कमी होईल का?"

पस्तीस वर्षं मी दादरला बसून हेच काम करतोय. गिरगाव, लालबाग, शिवडी इथल्या जुन्या चाळींचा आणि सेस इमारतींचा (दुरुस्तीसाठी उपकर लागलेल्या जुन्या भाड्याच्या इमारतींचा) पुनर्विकास. मधल्या काळात दोनदा, काही महिने, न्यूयॉर्कमध्ये राहून काम केलं. तेव्हा दोन्हीकडचं जे डोळ्यांनी पाहिलं आणि ड्रॉइंग बोर्डावर भोगलं, ते सांगतो.

आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यात दडलंय.

मॅनहॅटनचं क्षेत्रफळ साधारण ५९ चौरस किलोमीटर. तिथे सगळ्यात जास्त माणसं कधी राहत होती? १९१० साली, २३ लाखांहून अधिक. तेव्हा एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी राहायला अजून एकवीस वर्षं होती. ती माणसं राहत होती पाच-सहा मजली दाट वस्तीत, बिनखिडकीच्या खोल्यांत, सामायिक संडास वापरत. आपल्या चाळीतल्या माणसाला ती जागा सांगावी लागणार नाही. २०२० च्या जनगणनेत मॅनहॅटनची लोकसंख्या १७ लाखांच्या आत होती. म्हणजे एकशेदहा वर्षांत इमारती आभाळाला टेकल्या आणि माणसं सहा लाखांनी कमी झाली.

आता आपल्याकडे ये. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचं मुंबई शहर साधारण ६८ चौरस किलोमीटर. २००१ साली इथे ३३ लाख ३८ हजार माणसं होती, २०११ साली ३० लाख ८५ हजार. याच दहा वर्षांत परळ, ताडदेव, महालक्ष्मीला टॉवरमागून टॉवर चढत होते. गिरण्या बंद पडल्या, पोरं मोठी झाली, दहा बाय बाराच्या खोलीत दुसरा संसार मावेना. एक भाऊ राहिला, दुसरा डोंबिवलीला किंवा विरारला गेला.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की स्कायलाइन बघून शहरात किती माणसं राहतात ते कळत नाही. किती चौरस फूट बांधलंय आणि ते कोणाच्या वाट्याला आलंय, एवढंच कळतं. चाळीत १६० चौरस फुटांत सहा जण राहायचे. शेजारच्या विक्रीच्या टॉवरमध्ये दोन हजार चौरस फुटांत तिघं राहतात, आणि काही घरांत वर्षभर दिवाही लागत नाही. रस्त्यावरची गर्दी या टॉवरनं कमी होत नाही. तिथे गाड्या वाढतात.

आता पहिला प्रश्न. मॅनहॅटनमध्ये १८११ साली, शहर अजून दक्षिण टोकाला होतं तेव्हाच, उत्तरेच्या शेताडीवर नकाशा टाकून ठेवला गेला: साठ फुटी आडव्या गल्ल्या, शंभर फुटी उभे अ‍ॅव्हेन्यू. माणसं यायच्या आधी रस्ते ठरले. मग लिफ्ट आली, पोलादी सांगाडा आला, १९०४ साली भुयारी रेल्वे आली, आणि जिथे धंदा होता तिथे जमिनीचा भाव चढला. धंदा दोन जागी होता, खाली वॉल स्ट्रीटला आणि मध्यावर मोठ्या स्टेशनांच्या आसपास. म्हणून उंचीचे दोन ढीग दिसतात आणि मधे खळगा. हा खळगा जमिनीखालच्या खडकामुळे आहे, खडक खोल गेला म्हणून तिथे उंच बांधलं नाही, असं अजूनही वर्गात शिकवतात. पण पायाचा खर्च पूर्ण इमारतीच्या खर्चाशी ताडून बघितला तर तेवढ्यानं कोणी थांबलं असतं असं दिसत नाही. जिथे गिऱ्हाईक नव्हतं तिथे कोणी उंच बांधलं नाही, इतकंच.

त्या उंचीला आकार दिला तो एका रागावलेल्या शहरानं. १९१५ साली ब्रॉडवेवर इक्विटेबल बिल्डिंग झाली. एक एकराहूनही कमी जागेवर अडतीस मजले सरळ वर, १२ लाख चौरस फूट. आजूबाजूच्या गल्ल्यांतलं ऊन गेलं. पुढच्याच वर्षी, १९१६ साली, शहरानं नियम केला की रस्त्याच्या रुंदीच्या ठरावीक पटीपर्यंतच भिंत सरळ चढवायची, पुढे पायरी-पायरीनं मागे सरकायचं. मात्र प्लॉटच्या एक चतुर्थांश भागावर कितीही उंच जा. क्रायस्लर आणि एम्पायर स्टेट बघ. खाली रुंद बैठक, मग पायऱ्या, मग सुळका. ते सौंदर्य कोणा एका वास्तुकाराच्या मनात आलेलं नाही. रस्त्यावर चालणाऱ्या माणसाला ऊन मिळावं म्हणून केलेल्या नियमाचं ते शिल्प आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडेही १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत उंचीचं नातं रस्त्याशी जोडलेलं होतं: रस्त्याची रुंदी अधिक समोरची मोकळी जागा, त्याच्या दीडपट. पण पुनर्विकासाच्या योजनांना सवलती मिळत गेल्या, बाजूच्या मोकळ्या जागा प्रीमियम भरून कमी करता येऊ लागल्या. नियम कागदावर राहिला आणि इमारत सवलतीच्या मापानं उभी राहिली.

मुंबईची गोष्ट खरी सुरू होते १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यापासून. भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. युद्धानंतर, फाळणीनंतर माणसांचे लोंढे येत होते, तेव्हा त्या कायद्यानं लाखो लोकांना छप्पर टिकवून दिलं. माझे आजोबा त्यातलेच. पण मालकानं डागडुजी सोडली. १९६९ साली सरकारनं दुरुस्तीसाठी उपकर बसवला तेव्हा अशा इमारती साडेएकोणीस हजारांहून जास्त होत्या. दर पावसाळ्यात एखादी कोसळायची, अजूनही कोसळते. दुसरीकडे साठच्या दशकातल्या विकास आराखड्यानं एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण, आणला: शहरात १.३३, उपनगरात १. म्हणजे हजार फुटांच्या प्लॉटवर १,३३० फूट बांधा. मॅनहॅटनमध्ये १९६१ च्या नियमांनी निवासी इमारतींना १२ पर्यंत मुभा होती, हे शेजारी ठेव म्हणजे अंतर कळेल. आणि जुन्या चाळींनी तर १.३३ च्या कितीतरी जास्त आधीच बांधलेलं होतं! त्या पाडून नियमानं परत बांधायच्या तर निम्मी माणसं बाहेर.

यातून सुटका म्हणून आलं विकास नियंत्रण नियमावलीतलं कलम ३३(७). पुनर्विकासात असलेल्या कोणालाही हा आकडा पाठ असतो. भाडेकरूंना फुकट घर दे, त्या बदल्यात जादा एफएसआय घे आणि विकून खर्च काढ. १९९९ च्या दुरुस्तीनंतर हिशेब असा झाला की भाडेकरूंच्या घरांसाठी जितकं बांधाल त्याच्या ठरावीक टक्के जादा बांधकाम विकायला मिळेल. हे वाक्य दोनदा वाच. चाळ जितकी दाटीवाटीची, खोल्या जितक्या जास्त, तितका शेजारचा विक्रीचा टॉवर उंच. झोपडपट्टी पुनर्वसनालाही हेच सूत्र. ताडदेवचे ६० मजली जुळे टॉवर, वास्तुकार हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांनी काढलेले, २०१० साली पुरे झालेले, झोपडपट्टीच्या जागेवरच उभे आहेत.

म्हणून आपले टॉवर विखुरलेले दिसतात. मॅनहॅटनची उंची जमिनीच्या भावामागे गेली. मुंबईची उंची जुन्या भाडेकरूंमागे गेली, आणि भाडेकरू गल्लोगल्ली आहेत. तुला जो टॉवर वाटेल तिथे उगवलेला वाटतो, त्याच्या पायथ्याशी जा. मागच्या बाजूला, अरुंद वाटेवर, लहान खिडक्यांची, कपडे वाळत घातलेली दुसरी इमारत सापडेल. ती पहिली उभी राहिली म्हणून पुढची राहिली.

शहराच्या इतर तऱ्हाही अशाच नियमातून आल्या. नव्वदच्या आणि दोन हजारच्या दशकातल्या इमारतींवर खिडकीखाली फुलांच्या कुंड्यांसाठी बाहेर काढलेला स्लॅब दिसतो ना? फ्लॉवर बेड. तो एफएसआयमध्ये धरत नसत. प्लॅनवर झाडं दाखवायची, ताबा मिळाला की भिंत पाडून खोली वाढवायची. २०१२ साली महापालिकेनं हे सगळं एफएसआयमध्ये आणलं आणि बदल्यात ३५ टक्के फंजिबल, म्हणजे हवा तसा वापरता येणारा जादा एफएसआय, दिला. त्या वर्षानंतरची इमारत अंगानं सपाट झाली. मी रस्त्यानं जाताना नुसत्या बाहेरच्या भिंतीवरून इमारत २०१२ च्या आधीची की नंतरची ते सांगू शकतो.

टीडीआरचंही तसंच. टीडीआर म्हणजे बांधकामाचा हक्क एका जमिनीवरून दुसरीकडे नेणं; ही कल्पना न्यूयॉर्कनंही वापरली. १९६३ मध्ये पेन स्टेशन पाडलं, लोक हळहळले, दोन वर्षांनी वारसा जपण्याचा कायदा आला. ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या डोक्यावर टॉवर नको म्हटल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७८ साली शहर जिंकलं. तिथे न वापरलेला हक्क आजूबाजूच्या प्लॉटवर जातो, म्हणून जुनी कमी उंचीची इमारत आणि तिच्याशेजारी काटकुळा सुळका अशी जोडी दिसते. आपण १९९१ साली नियम केला की टीडीआर शहरात वापरायचा नाही, उत्तरेला न्यायचा. दक्षिणेत सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली जमीन सुटली आणि मजले चढले बोरिवली-मुलुंडच्या शांत सोसायट्यांवर, जिथे गटारं आणि रस्ते तेवढेच राहिले.

गिरण्यांच्या जमिनीबद्दल मात्र मी थोडक्यात बोलू शकत नाही. ५८ गिरण्या, साधारण ६०० एकर, बेटाच्या ऐन मध्यावर. १९८२ चा संप लागला तेव्हा मी कॉलेजात होतो. आमच्या चाळीतली अर्धी माणसं त्या भोंग्यावर उठायची. १९९१ च्या नियमात सरळ वाटणी होती: गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं १९९६ मध्ये सगळ्या गिरण्या एकत्र धरून आराखडा करा असं सुचवलं. बागा, चौक, रस्ते, स्टेशनाला जोडणाऱ्या वाटा. तसं झालं असतं तर आपल्याला आपला १८११ चा नकाशा मिळाला असता, तोही शहराच्या मधोमध. २००१ साली नियमातली व्याख्या बदलली. वाटणी फक्त 'मोकळ्या' जमिनीची, गिरणीच्या इमारतीखालची जमीन त्यात नाही. गिरणीच्या आवारात मोकळं असतं ते किती? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम ठेवला. मग प्रत्येक गिरणीनं आपापल्या कुंपणाच्या आत आपापला टॉवर उभा केला. रस्ते गिरणीकाळातलेच राहिले, स्टेशनं तीच, पूल तेच. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. एकेकाळच्या गिरणगावच्या जिन्यावरून टॉवरमधल्या ऑफिसांची गर्दी उतरत होती. नगरनियोजक शिरीष पटेल यांनी अनेक वर्षं हेच समजावलं: एका प्लॉटचा एफएसआय बघू नका, त्या वस्तीत माणशी रस्ता किती आणि माणशी बाग किती ते मोजा. मी आजही कोणताही प्लॅन हातात घेतला की आधी हाच हिशेब करतो.

न्यूयॉर्कच्या पार्क अ‍ॅव्हेन्यूवर सीग्राम बिल्डिंग आहे, १९५८ ची. समोर मोठी मोकळी फरसबंदी. दुपारी मी तिथल्या कडेच्या कट्ट्यावर डबा खायचो. शेजारी ऑफिसातली माणसं, कुरिअरवाले, एखादी म्हातारी. कोणी कोणाला उठवत नव्हतं. ती इमारत बघून शहरानं १९६१ च्या नियमात सवलत ठेवली: रस्त्यालगत अशी जागा लोकांना द्याल तर वर जादा मजले घ्या. त्यातल्या पुष्कळ जागा रुक्ष झाल्या हेही खरं, पण देवघेव रस्त्याशी होती. लोअर परळला टॉवरच्या पायथ्याशी काय असतं? सात-आठ मजल्यांचा पोडियम, त्यात गाड्या, बाहेरून जाळी किंवा कोरी भिंत, एक मोठं फाटक आणि सिक्युरिटीची केबिन. भिंतीलगत चालताना सावली नाही, दुकान नाही, टेकायला कट्टा नाही. बाग आहे, पण पोडियमच्या डोक्यावर, आतल्यांसाठी. दोन शहरांच्या स्वभावातला फरक विचारशील तर मी तुला वरचे शेंडे दाखवणार नाही, या पहिल्या तीस फुटांकडे बोट दाखवीन.

पण चाळीबद्दल उमाळे काढणाऱ्यांशीही माझं जमत नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी लालबागच्या एका चाळीत आमची मीटिंग होती. चौकात कॅरम बोर्डावर प्लॅन पसरला, वारा होता म्हणून एका कोपऱ्यावर पावडरचा डबा ठेवला. तीनशे चौरस फुटांचं घर, आत संडास-बाथरूम. पहिल्या मजल्यावरच्या एक आजी पुढे आल्या. गुडघे गेलेले, रात्री उठून गॅलरीच्या टोकापर्यंत भिंत धरत जायचं, हे त्यांनी चाळीस वर्षं केलं होतं. प्लॅनवरच्या त्या चार फुटांच्या चौकोनावर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग विचारलं, "साहेब, दार उघडं ठेवलं तर समोर काय दिसंल?"

मी उत्तर दिलं की समोर पॅसेज आणि पलीकडे शेजाऱ्यांचं दार. ताबा दिल्यावर भेटायला गेलो. चौदावा मजला. दार उघडं होतं, उंबऱ्यात खुर्ची टाकून आजी बसल्या होत्या आणि समोर लिफ्टचं बंद दार. संडासाबद्दल त्यांनी मला मनापासून आशीर्वाद दिला. खुर्चीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. त्यानंतर पुनर्वसनाच्या इमारतीत पॅसेज निदान एका टोकाला उजेडावर उघडावा यासाठी मी प्रत्येक बिल्डरशी भांडतो; कधी जमतं, कधी नाही.

उंच इमारत मुंबईची होऊच शकत नाही असं मात्र समजू नकोस. कंबाला हिलवरची कोरियांची कांचनजंगा बघ, १९८३ ची, २८ मजली. वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच. त्यांनी जुन्या बंगल्याचा व्हरांडा उचलून कोपऱ्यात दोन मजली उंच सज्जे कोरले, घर आत घेतलं. पाऊस सज्जात थांबतो, वारा आत येतो. बाकीच्यांनी काच लावली आणि एसी. जूनमध्ये त्या काचेवरून कशी ओल उतरते ते आमच्या देखभालीच्या फायलींत आहे.

आणि मुंबईकडे ठरवून काढलेली क्षितिजरेषाही आहे की. मरीन ड्राइव्ह! भराव टाकून मिळालेल्या जमिनीवर तीस-चाळीसच्या दशकांत एका उंचीत उभ्या राहिलेल्या इमारती, गोलाकार सज्जे, खिडक्यांवर पापण्यांसारखे छज्जे, आणि समोर सगळ्यांचा कट्टा. तिचीच बहीण ओव्हल मैदानासमोर आहे. तिथल्या आर्ट डेको रांगेला आणि समोरच्या गॉथिक इमारतींना मिळून २०१८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. एकट्या इमारतीला नाही, पूर्ण ओळीला. विमानतळाच्या फनेलमुळे (विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखालच्या उंचीच्या मर्यादेमुळे), किनाऱ्याच्या नियमांमुळे, वारशाच्या नियमांमुळे शहराचे काही भाग अजून बसके आहेत. तिथल्या काही रहिवाशांना ते बोचतं, कारण त्यांच्या मोडकळीला आलेल्या इमारतीला कोणी हात लावत नाही. त्यांचं म्हणणं खोटं नाही.

राहता राहिला पुढचा काळ. मॅनहॅटनच्या काठावरचे धक्के कंटेनर आल्यावर ओस पडले, मालवाहतूक न्यू जर्सीत नेवार्क-एलिझाबेथला गेली. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पायाची माती आणि इतर भराव हडसनमध्ये टाकून ९२ एकर नवी जमीन झाली, बॅटरी पार्क सिटी. १९७९ च्या आराखड्यात त्यांनी जुन्या मॅनहॅटनचे रस्तेच पुढे पाण्यापर्यंत नेले आणि काठ सगळ्यांना चालायला मोकळा ठेवला. आधी रस्ते आणि काठ, मग इमारती. आपल्याकडे न्हावाशेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि पूर्व किनाऱ्यावरची गोदामं तशीच मोकळी होत गेली. तिथे शेकडो हेक्टर सरकारी जमीन आहे. गिरण्यांसारखे तुकडे न करता एकत्र विचार करण्याची जागा आता एवढी एकच उरली आहे.

मुंबईला आलीस की नरिमन पॉइंटला जाऊन फोटो काढू नकोस. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची किंवा रेवसची लाँच पकड, मागच्या बाजूला उभी राहा आणि शहराकडे तोंड कर. वर लालबाग-परळचे सुळके दिसतील, निम्म्यांवर अजून क्रेन. त्यांच्या पुढे, पाण्यालगत, पत्र्याच्या छपरांची एक लांब आडवी ओळ दिसेल, मधूनमधून एखादं झाड. ती आडवी रेघ वहीत नीट काढून घे आणि मला पाठव. मी माझीही काढून ठेवली आहे.